धूर दिसू नये म्हणून

टक्. टक्.

ऑक्टोबरातली सकाळ होती आणि घरात कुणीच बोलत नव्हते. अशा वेळी छोट्या अक्मारलने चमच्याने माझ्या बिडाच्या झाकणावर ठोकून पाहिले. मग, तिची आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघते ना, तसा तिने तळहात माझ्यावर ठेवला. झाकण गार होते. कालही गारच होते. तिने हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले आणि गोधडीत परत गेली.

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. स्वयंपाक उरकला की विझवून टाकतात तसली नव्हे. रांधणे हे माझे वरकाम. माझे खरे काम घर ऊबदार ठेवण्याचे. तुमच्यापासून दूर उत्तरेला, नारीन प्रांताच्या डोंगरांमधल्या एका गावात, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत मला बसवले आहे. माझे तोंड स्वयंपाकाच्या खोलीत, पाठ निजायच्या खोलीत. माझ्या पोटातला धूर सरळ वर जात नाही. पाठीमागच्या भिंतीत तो वळणे घेत खाली-वर हिंडतो, भिंत तापवतो आणि मग धुराड्यातून बाहेर पडतो. बर्फातून चालत आलेल्या माणसाने त्या भिंतीला पाठ लावली की त्याच्या तोंडून जो सुस्कारा निघतो, तेवढ्यासाठी मी इतकी वर्षे जळत आले. या घरात माझ्यावाचून पान हलत नाही, असे मी पूर्वी ऐटीत म्हणत असे. आता म्हणत नाही. आता मी दमले आहे.

मला जापार नावाच्या गवंड्याने बांधले. या घराची मालकीण ऊलकान तेव्हा नवी नवरी होती. माझी माती तिने आपल्या पायांनी तुडवली. तडे जाऊ नयेत म्हणून तीत मीठ घातले, मेंढीच्या लोकरीचे बारीक तुकडे घातले, आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून ती सासूच्या नजरेआड हसत होती. बांधून झाल्यावर जापारने एक जळता कागद माझ्या तोंडाशी धरला. ज्वाळा सुर्रकन आत ओढली गेली. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि माझी ओढ चांगली असल्याचे सगळ्यांना सांगितले. मग ऊलकानला जवळ बोलावून त्याने धुराड्यातली लोखंडी झडप दाखवली.

"पोरी, ही झडप नीट बघून ठेव. निखाऱ्यावर निळी ज्योत नाचतेय तोवर हिला हात लावायचा नाही. सगळं लाल झालं, निळं काही उरलं नाही, की मग सरकवून बंद कर. विष बाहेर गेलेलं असतं आणि ऊब घरात राहते."

ऊलकानने ते असे लक्षात ठेवले की पुढे अख्ख्या गल्लीतल्या नव्या सुना झडप केव्हा लावायची ते तिला विचारायला येऊ लागल्या.

ती वर्षे चांगली होती. माझ्यासमोर ओले मोजे वाळत, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीचे, बूट वाळत. अशक्त जन्मलेली कोकरे गोणपाटात गुंडाळून माझ्या पायाशी आणून ठेवीत. सकाळपर्यंत ती उठून माझीच माती चाटत असत. ऊलकानचा मुलगा तालाय माझ्या भिंतीला धरून उभा राहायला शिकला. पाहुणे आले की आधी माझ्याकडे पाठ करून उभे राहत, हात मागे शेकीत, आणि मग आठवण झाल्यासारखे घरच्या माणसांना सलाम करीत. दर शरदात ऊलकान मला चुना लावी. नव्या चुन्यात मी इतकी गोरी दिसे की अंगणातली कोंबडी एकदा दारातून आत डोकावून माझ्याकडे बघतच राहिली होती.

मग तालाय मोठा झाला, त्याचे लग्न झाले आणि त्याने शहरातून विजेची शेगडी आणली. बटण दाबले की झाले. राख नाही, धूर नाही. मला चुना लावायचे राहून गेले. माझ्या डाव्या बाजूचा गिलावा पडला तो पडलाच. माझ्यावर कपड्यांच्या घड्या ठेवू लागले. मला वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. पण पुढे विजेचे दर चढले. शिवाय हिवाळ्याच्या संध्याकाळी सगळे गाव एकदम शेगड्या लावी, दिव्याचा रंग संत्र्याच्या सालीसारखा होई आणि शेगडीची तार जेमतेम लाजल्याइतकी लाल होई. तेव्हा माझ्यावरच्या घड्या उचलल्या गेल्या. माणसे माझ्याकडे परत आली ती प्रेमाने नव्हे, नाइलाजाने. तरी मी पेटले. चुलीला रुसता येत नाही.

तोवर कोळसाही महाग झाला होता. शहाणी माणसे तो उन्हाळ्यात भरून ठेवतात, कारण थंडीची चाहूल लागली की ट्रकवाले दर वाढवतात. पण तालाय आता रशियात इमारतींच्या कामावर होता. त्याचे पैसे यायचे ते थंडीबरोबरच. त्यामुळे आमच्याकडे कोळसा नेहमी चढ्या भावाने आला, आणि त्यातही निम्मा चुरा.

गेल्या वर्षी पहिला गारठा पडल्याबरोबर मला पेटवले होते. सगळे खूश होते. मार्चमध्ये, अजून नदीवर बर्फ होता, तेव्हा कोळसा संपला. मग वाळल्या शेणाच्या लाद्या जाळल्या. त्या संपल्या, कुंपणाच्या फळ्या जाळल्या. शेवटी गोठ्याचे दार माझ्या पोटात गेले आणि त्या आठवड्यात पहिलटकरीण मेंढीची कोकरे उघड्या गोठ्यात गारठून मेली. ऊलकानने ती स्वतः उचलून नेली. परत आल्यावर तिने हात धुतले आणि सांगितले की यापुढे या घरात चूल केव्हा पेटवायची हे ती ठरवील. अंगणात पडलेला बर्फ ज्या दिवशी दुपारपर्यंत टिकेल, त्या दिवशी. त्याआधी कुणी काडी लावायची नाही.

म्हणून यंदा ऑक्टोबर अर्धा सरला तरी मी गार होते. रात्री बर्फ पडे, सकाळी अंगण पांढरे दिसे. ऊलकानची सून गुलझात विजेच्या शेगडीवर तापवलेली चहाची किटली हातात घेऊन खिडकीशी उभी राही आणि त्या पांढऱ्या अंगणाकडे अशी बघे की जणू तिने बघत राहिले तर ते वितळणार नाही. थोड्या वेळाने ऊन येई. छपरावरून पाणी ठिबकू लागे. गुलझात खिडकीपासून दूर होई आणि अक्मारलच्या अंगात आणखी एक स्वेटर चढवी.

ऊलकान दुष्ट नव्हती, मित्रांनो. तिने आपला लोकरीचा कोट नातीला दिला होता आणि स्वतः दोन्ही हात बाह्यांत घालून बसत होती. तिचे गुडघे गुलझातपेक्षा जास्त दुखत होते. पण तिच्या डोळ्यांपुढे मार्च महिना होता आणि गुलझातच्या डोळ्यांपुढे आजची सकाळ होती. दोघींचेही खरे होते. अशा घरात बोलणे आपोआप कमी होते.

आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे धूर. आमच्या गावात धूर लपत नाही. शरदात पहिला धूर कुणाच्या घरातून निघाला याची चर्चा पाण्याच्या नळावर आठवडाभर चालते. गेल्या वर्षी तो आमचा होता. पलीकडच्या घरातली सोनुन नळावर सगळ्यांच्या देखत गुलझातला म्हणाली होती, "नवरा तिकडे परांचीवर कुडकुडतोय आणि तुम्ही इकडे बसून घाम पुसताय. मजा आहे बाई." सगळ्या हसल्या. गुलझातही हसली. घरी येऊन तिने बादल्या जरा जोरात खाली ठेवल्या. आणि मार्चमध्ये जेव्हा कोळसा संपला, तेव्हा सोनुनला काही म्हणायची गरजच राहिली नव्हती.

तर तो दिवस असा. शेजारच्या गावात एकाच्या मृत्यूला वर्ष झाले होते आणि त्याच्या नावाच्या जेवणाला ऊलकान सकाळीच गेली होती. रात्रीचा बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. अक्मारल दोन दिवस खोकत होती. ती उठून आईजवळ आली. इतके दिवस जे तिने एकदाही म्हटले नव्हते ते अगदी हळू म्हणाली, जणू काही मागतच नाही.

"आई, थंडी वाजते."

गुलझातने तिचे हात हातात घेतले. नखे निळसर झाली होती. ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. माझे दार उघडले, बंद केले, परत उघडले. बाहेरच्या चिखलाकडे पाहिले. मग तिने बादली घेतली आणि कोळशाच्या ढिगाला समोरून हात न लावता मागच्या बाजूने थोडा कोळसा काढला, आणि उरलेला चुरा फावड्याने असा सारखा केला की ढीग हलला आहे हे कुणाला कळू नये.

किती महिन्यांनी माझ्या पोटात ज्योत शिरली. आधी काटक्या, मग शेणाची लादी, मग कोळसा. भिंत हळूहळू तापली. अक्मारल तिला पाठ लावून बसली, मग गाल लावून, मग तिने मोजे काढून पायाची बोटे माझ्या विटांना टेकवली. आई हसली. तिने दुधाचा चहा केला, त्यात लोणी घातले, दोघी एकाच वाडग्यातून तो प्यायल्या. अक्मारलने तिला शेजारच्या बोकडाची काहीतरी लांबण लावून गोष्ट सांगितली. मी त्या घरात पुष्कळ सुख पाहिले आहे, पण इतके घाबरत घाबरत घेतलेले सुख पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने गुलझात खिडकीशी गेली आणि तिचा चेहरा उतरला. वारा पडला होता. चुऱ्याचा काळा धूर काठीसारखा सरळ उभा होता. पार रस्त्याच्या वळणावरून दिसला असता. त्याच वेळी रस्त्यावर गाडीचा आवाज आला. जेवणाला गेलेली माणसे परतायची वेळ होत आली होती.

ती माझ्याकडे धावत आली. तिने माझे दार उघडून आत पाहिले. चुऱ्याच्या थरावर निळी ज्योत नाचत होती. लपूनछपून नव्हे, चांगली ठसठशीत. गुलझात या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात ऊलकानने तिला इथे गुडघ्यावर बसवून हेच दाखवले होते. तिला ठाऊक होते. ती बघत राहिली. गाडीचा आवाज जवळ आला. तिने हात वर केला आणि झडप सरकवली.

मित्रांनो, मला तोंड आहे पण बोलता येत नाही. त्या दिवशी मला याचे जितके दुःख झाले तितके कधी झाले नव्हते. माझा धूर वर निघाला, झडपेला थडकला आणि परत फिरला. डोळ्यांना झोंबणारा जो धूर असतो तो बरा. तो माणसाला उठवून बाहेर काढतो. पण कोंडलेल्या निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो. तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव असेल. तो माझ्या दाराच्या फटीतून, पडलेल्या गिलाव्याच्या भेगांतून घरात उतरला. आणि मी तापलेलीच होते. घर ऊबदारच होते.

ती गाडी दुसऱ्याच कुणाची होती. ती पुढे निघून गेली. गुलझातने सुस्कारा सोडला, पण झडप उघडली नाही. उघडली असती तर परत धूर दिसला असता.

अक्मारलचे डोके दुखू लागले. गुलझातला वाटले, सर्दीने. तिने लेकीला मांडीवर घेतले. तिचेही डोके जड झाले होते, डोळे मिटत होते. इतक्या दिवसांनी ऊब मिळाली म्हणून झोप येते आहे, असे ती पुटपुटली. अक्मारल केव्हाच झोपली होती.

पुढचे मला सोनुनमुळे ठाऊक आहे, कारण ते तिने नंतर सगळ्या गावाला सांगितले. ती अंगणात कपडे वाळत घालीत होती. आमचा धूर सुरू झाला तो तिने पाहिला. ऊलकान घरात नाही हेही तिला माहीत होते, म्हणून तिला गंमत वाटली. आणि मग धूर एकाएकी बंद झाला. इतक्या लवकर झडप कुणी लावत नाही. तिला राहवेना. चाळणी मागायच्या निमित्ताने ती आमच्या दारात आली.

तिने बाहेरचे दार उघडून हाक मारली. आतून गुलझातचा आवाज आला, "आले." आणि ती आलीच नाही.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला पावाचा तुकडा मोडायला लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत. भांडायला आलेल्यालासुद्धा. घाई असेल तर तो उंबऱ्यातच उभा राहतो, आणि घरची सून ताटात पाव घेऊन दाराशी येते. गुलझातच्या हातून हे कधी चुकले नव्हते. नळावर हसे झाले त्याच दिवशी सोनुन काही मागायला आली, तेव्हाही तिने पाव पुढे केला होता. म्हणून सोनुन उंबऱ्यात उभी राहिली. दार तिने तसेच उघडे धरले होते आणि बाहेरची गार हवा आत येत होती.

"अगं गुलझात," ती बाहेरूनच म्हणाली, "चूल पेटवलीस म्हणून तोंड लपवतेस होय? मी काय तुझा कोळसा उचलून न्यायला आले नाही. पाव तरी दाखव."

कुणी उत्तर दिले नाही. सोनुनला आधी राग आला. मग तिला भीती वाटली. पाव आला नाही, म्हणजे या घरात काहीतरी झाले आहे, असे तिच्या मनाने घेतले. ती चिखलाच्या बुटांनीच आत शिरली.

अक्मारलला तिने अंगाखालच्या नमद्यासकट ओढत अंगणात नेले. मग गुलझातला काखेत धरून. जाताना तिने माझी झडप अशी हिसडून उघडली की तिची मूठ वाकडी झाली, ती अजून तशीच आहे. सावलीतला बर्फ ओरबाडून तिने दोघींच्या कानशिलांना चोळला. गुलझात ओकली. अक्मारल बराच वेळ हलली नाही, आणि मग खोकली. सोनुन घरी पळत जाऊन आंबट ताकाचे भांडे घेऊन आली. ती दोघींना घोट घोट पाजत होती, रडत होती आणि शिव्या देत होती, आणि यातले एकही काम दुसऱ्यासाठी थांबवीत नव्हती.

ऊलकान आली तेव्हा तिच्या हातात जेवणाहून बांधून आणलेल्या पावाची आणि मटणाची पुरचुंडी होती. सोनुनने तिला सगळे सांगितले. ऊलकान आत येऊन माझ्यासमोर वाकली, राखेकडे पाहिले, वाकड्या मुठीकडे पाहिले. मग बाहेर जाऊन सुनेसमोर बसली.

"निळी होती?"

गुलझातने मान डोलावली.

"तुला दिसली होती?"

तिने पुन्हा मान डोलावली.

"मग?"

"धूर दिसेल म्हणून, आपा." सासूला ती आई म्हणावे तसे आपा म्हणते. "गावाला नाही. तुम्हाला."

सोनुन उठली आणि आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या पिशव्या उगाच सारख्या करू लागली.  ऊलकानने तिथेच चिखलात पुरचुंडी सोडली, मटणाचा एक तुकडा बोटांनी मऊ करून अक्मारलच्या तोंडात घातला. मग तिने घरातल्या खिडक्या उघडल्या, दारे उघडली. ऊन उतरायला लागले तेव्हा ती स्वतः बादली घेऊन गेली आणि कोळसा ढिगाच्या समोरूनच काढला. तिने मला पेटवले. झडप पूर्ण उघडली. माझा धूर परत सरळ वर गेला, काळाकुट्ट, सगळ्या गावावरून.

"दिसू दे," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळले नाही.

पण मित्रांनो, ती तसे म्हणाली म्हणून कोळसा वाढला नाही. ढीग होता तेवढाच होता. मार्च महिनाही होता तिथेच होता. त्या संध्याकाळी दोघींनी मिळून निजायच्या खोलीच्या दारावर जाड नमदा ठोकला. यंदा ती खोली बंद राहणार. आता तिघी माझ्या तोंडाशी, एकाच गोधडीखाली निजतात. माझी पाठ रिकाम्या खोलीला ऊब देते, आणि ती वाया जाते याचे मला वाईट वाटते. मला कुणीतरी फिरवून बांधायला हवे होते. पण जापार आता नाही.

मी दमलेली चूल आहे. माझे फार काही मागणे नाही. कोळसा महाग असेल तर मला उशिरा पेटवा, थोडी पेटवा, एकाच खोलीत मावा. मी तक्रार करणार नाही. पण पेटवलीत तर मला श्वास घेऊ द्या. निळी ज्योत असेतो झडप लावू नका. माझ्या भेगा हिवाळ्याआधी मातीने लिंपा, धुराड्यातली काजळी काढा. आणि घरातल्या कुणाला माझ्यापुढे चोरासारखे बसावे लागू नये एवढे बघा. मला विष व्हायचे नसते. मला कोंडतात तेव्हा मी विष होते.

आज सकाळी गुलझात माझ्यातली राख काढत होती. ऊलकान मेंढ्यांकडे गेली होती. अक्मारल आता बरी आहे, खोकला तेवढा आहे. ती आईच्या शेजारी येऊन बसली आणि राखेच्या बादलीकडे बघत राहिली. बोलू की नको असे तिचे चालले होते. मग तिने आईची बाही धरली.

"आई, आता मला परत थंडी वाजली, तर सांगू का नको?"